पहिल्या परिषदेला निघालेला विद्यार्थी: मार्गदर्शकाने काय करावं, कधी आणि कोणत्या क्रमाने

विद्यार्थ्याने पाठवलेला संशोधनाचा गोषवारा परिषदेत स्वीकारला जातो, विभागाच्या फलकावर अभिनंदन झळकतं, तिकिटाचे पैसे मंजूर होतात आणि तो एकटाच परिषदेला जातो. आपलं काम मांडणारं पोस्टर लावून दोन तास शेजारी उभा राहतो. चौघं थांबतात, त्यातले दोघं दुसऱ्या दालनाचा रस्ता विचारायला. येताना प्रमाणपत्र आणि पिशवी घेऊन येतो. तीन महिने उलटले तरी त्याची बिलं लेखा विभागात पडून असतात. पुढच्या वर्षी तो अर्जच करत नाही. विभागाच्या अहवालात मात्र 'एका विद्यार्थ्यास साहाय्य' अशी नोंद झालेली असते.

हा लेख शिक्षक, प्रयोगशाळा चालवणारे आणि विद्यार्थ्यांच्या मदतनिधीची जबाबदारी असलेल्यांसाठी आहे. विज्ञानात ज्यांच्यासारखे फार कमी लोक दिसतात असे विद्यार्थी इथे डोळ्यांसमोर आहेत: उच्च शिक्षणात आलेली घरातली पहिली पिढी, जात किंवा वंशामुळे मागे ठेवले गेलेले, ज्या शाखेत मुली बोटांवर मोजाव्या लागतात तिथल्या मुली, अपंग विद्यार्थी, छोट्या संस्थांतले, परिषदेची भाषा ज्यांच्या घरात कुणी बोलत नाही असे. त्यांच्या अडचणी एकसारख्या नसतात. पण बाकीच्यांना सीनियरांकडून, घरून, गप्पांतून जे आपोआप कळतं ते यांना कुणी सांगितलेलंच नसतं, एवढं मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरं. म्हणून खालचे टप्पे काही ठिकाणी अतिबारीक वाटतील. ते तसेच ठेवले आहेत.

परदेशातली परिषद असेल तर दहा महिने आधी सुरुवात करा, देशातली असेल तर सहा. गोषवाऱ्याच्या अंतिम तारखेला पंधरा दिवस असताना सुरू केलंत तर टप्पा ३, म्हणजे पैशांची सोय, हमखास कोसळतो, आणि त्याच्यासोबत बाकीचे सगळे.

टप्पा १: नावं कशी ठरवायची

'इच्छुकांनी अर्ज करावेत' ही सूचना लावणं ही पहिली चूक. परिषद म्हणजे काय हे ज्याला आधीच माहीत आहे, तोच त्या सूचनेला उत्तर देतो. जिला वाटतं की 'हे माझ्यासाठी नसणार', ती सूचना वाचून पुढे जाते. तिला नाव घेऊन बोलवा. 'तुझ्या मोजमापांतून एक चांगलं पोस्टर होईल, मला वाटतं तू पाठवावंस,' एवढं वाक्य पुरतं. लगेच हो म्हणेल अशी अपेक्षा ठेवू नका. आठवडाभराने पुन्हा विचारा.

गुण पाहून निवडू नका. पोस्टरसाठी स्वतः केलेलं, स्वतःला समजलेलं छोटं काम लागतं. परीक्षेत मागे पडणारा पण उपकरणाशी झटापट करून विश्वासार्ह आकडे काढणारा विद्यार्थी परिषदेत अनेकदा जास्त बरा बोलतो.

निवडलेल्या सर्वांकडून एकच अर्ज भरून घ्या. पारपत्र आहे का, ते कधी संपतं, प्रवासासाठी किती पैसे आधी उभे करता येतील, अर्धवेळ नोकरी आहे का, घरी कुणाची देखभाल करावी लागते का, चालण्या-ऐकण्या-पाहण्यासाठी काही सोय लागेल का, अशा प्रश्नांचा. सर्वांनाच हे प्रश्न विचारले की कुणाला एकट्याला आपली अडचण उघड करावी लागत नाही.

तपासा: विद्यार्थ्याला स्वतःचं काम तीन वाक्यांत, तुमच्या मदतीशिवाय सांगता येतं का? येत नसेल तर या वर्षी त्याला श्रोता म्हणून न्या, सादरीकरण पुढच्या वर्षी. श्रोता म्हणून जाणं कमीपणाचं नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

टप्पा २: परिषद निवडणं

विषयातली सर्वांत मोठी, नावाजलेली परिषद गाठायची हा मार्गदर्शकाचा मोह असतो, कारण तिथे त्याचे स्वतःचे मित्र असतात. हजारोंच्या गर्दीत पहिल्यांदाच आलेला विद्यार्थी हरवतो. माझा क्रम असा: आधी विद्यार्थ्यांसाठीचं छोटं संमेलन, मग ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्यासाठी मुद्दाम भरवलेली परिषद, आणि त्यानंतर विषयाची मुख्य परिषद.

मधल्या प्रकारच्या परिषदा अनेक आहेत. अमेरिकेत सॅकनास (हिस्पॅनिक आणि मूलनिवासी वंशाच्या वैज्ञानिकांच्या संस्थेची परिषद) आणि एबीआरसीएमएस (जैववैद्यकातल्या विद्यार्थ्यांसाठी), आफ्रिकेत २०१७ पासूनचा डीप लर्निंग इंडाबा (कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा मेळावा), स्त्रियांसाठी संगणक क्षेत्रातली ग्रेस हॉपर परिषद. अशा ठिकाणी सादरीकरणाइतकाच वेळ अर्ज कसे करायचे, पुढच्या शिक्षणासाठी कुठे विचारायचं याला दिलेला असतो, आणि पोस्टरपाशी येणारी माणसं नवख्याशी बोलायच्या तयारीनेच आलेली असतात. पण तिथेच थांबू नका. विद्यार्थ्याला नोकरी किंवा पीएच.डी.ची जागा देणारी माणसं बहुतेक वेळा मुख्य परिषदेत भेटतात. काही ठिकाणी दोन्ही एकत्र साधतं. 'विमेन इन मशीन लर्निंग'ची कार्यशाळा न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या मोठ्या परिषदेला जोडूनच भरते. एकाच प्रवासात आधी आपल्या माणसांत बसता येतं आणि मग मोठ्या दालनात शिरता येतं. तुमच्या विषयात अशी जोडकार्यशाळा आहे का, हे सर्वांत आधी शोधा.

व्हिसाचा प्रश्न आताच सोडवा. २०१८ मध्ये मॉन्ट्रियलला भरलेल्या न्यूरिप्समधल्या 'ब्लॅक इन एआय' या कृष्णवर्णीय संशोधकांच्या कार्यशाळेला येणाऱ्या अनेकांना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला होता. काम स्वीकारलं गेलं होतं, पण माणूस पोहोचला नाही. म्हणून यजमान देशाचा व्हिसा मिळायला सध्या किती आठवडे लागतात, आयोजक निमंत्रणपत्र कधी देतात, आणि व्हिसा नाकारला तर दूरस्थ सादरीकरण चालेल का, हे तीन प्रश्न आयोजकांना लेखी विचारा. अनेक देशांना प्रवासानंतरही सहा महिने वैध असणारं पारपत्र लागतं.

संकेतस्थळावर हेही पाहा: विद्यार्थ्यांसाठी वेगळं शुल्क, प्रवास अनुदान, स्वयंसेवक झाल्यास शुल्कमाफी, वर्तनसंहिता आणि तक्रार कुठे करायची याचा पत्ता, चाकाच्या खुर्चीने पोस्टर दालनात जाता येतं का, लहान मुलांची सोय.

सावधान: बनावट परिषदा नेमक्या अशाच विद्यार्थ्यांना गाठतात. 'आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावलो' अशी ईमेल, एकाच हॉटेलात एकाच दिवशी दहा असंबद्ध विषय, दोन दिवसांत गोषवारा स्वीकारल्याचा निरोप, आणि समितीतल्या सदस्यांना स्वतःलाच ठाऊक नसलेली त्यांची नावं. समितीतल्या एका सदस्याला तिच्या संस्थेच्या पत्त्यावर थेट ईमेल करून विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

टप्पा ३: पैसे, तेही आधी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे रेंगाळतो.

'आधी खर्च करा, नंतर परतफेड मिळेल' ही पद्धत पगारदार माणसासाठी बनवलेली आहे. ज्याच्या घरी दोन महिन्यांचे पैसे शिल्लक नसतात त्याला ती मदत वाटतच नाही, ते कर्ज असतं. तेही बिनव्याजी असेलच असं नाही, कारण तो कुणाकडून तरी उसने घेतो. अनेक विद्यार्थी 'घरी अडचण आहे' असं सांगून नकार देतात. खरी अडचण ही असते, पण ते बोलत नाहीत.

म्हणून या क्रमाने जा:

१. पूर्ण खर्चाची यादी विद्यार्थ्यासोबत बसून करा. नोंदणी, प्रवास, निवास, व्हिसा शुल्क, प्रवास विमा हे सगळ्यांना आठवतं. स्टेशन किंवा विमानतळापासूनचा स्थानिक प्रवास, जेवण, पोस्टर छपाई, फोनचा डेटा, थंड हवेचं ठिकाण असेल तर गरम कपडे आणि बरे बूट, हे आठवत नाही. शिवाय सुट्टी घेतल्यामुळे बुडणारी मजुरी किंवा अर्धवेळ पगार. ही रक्कम अनुदानात बसत नसेल तर विभागातला वेगळा निधी शोधा, पण यादीत ती लिहाच.

२. जे थेट भरता येतं ते संस्थेने थेट भरावं. नोंदणी, तिकीट आणि निवास या तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी संस्थेच्या खात्यातून भरता येतात. कुणीतरी मागणी करावी लागते, एवढंच.

३. उरलेल्या खर्चासाठी उचल मागा. परतीनंतर हिशोब द्यायचा. 'आमच्याकडे विद्यार्थ्यांना उचल देत नाहीत' असं उत्तर आलं तर ती मार्गदर्शकाच्या नावावर घ्या.

४. परिषदेच्या प्रवास अनुदानाचा अर्ज भरा, पण अटी वाचून. पुष्कळ अनुदानांची तारीख गोषवाऱ्याच्या तारखेच्या आधी किंवा त्याच दिवशी असते, शिफारसपत्र लागतं, आणि रक्कम परिषद संपल्यावर मिळते. अनुदान मिळालं तरी क्रमांक ३ मधली उचल लागतेच.

हॉटेलबद्दल एक गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकलो. खोलीचे पैसे संस्थेने भरले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. विद्यार्थिनी रात्री पोहोचली तेव्हा काउंटरवर अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड मागितलं. तिच्याकडे कार्ड नव्हतं, कधीच नव्हतं. मला फोन करायला तिला संकोच वाटला, आणि ती दोन तास लॉबीत बॅग घेऊन बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं सादरीकरण होतं. तेव्हापासून मी हॉटेलला आधी फोन करून अनामत संस्थेच्या नावावर लिहून घेतो आणि त्या ईमेलची छापील प्रत विद्यार्थ्याच्या हातात देतो.

खोली दोघांत वाटून घ्यायची असेल तर विद्यार्थ्याला विचारून. कुणासोबत राहायला सुरक्षित वाटतं हे त्यालाच माहीत असतं.

तपासा: प्रवासाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या खिशात पहिल्या दोन दिवसांचे रोख पैसे किंवा चालू कार्ड आहे का? 'मिळतील' हे उत्तर चालणार नाही.

टप्पा ४: गोषवारा आणि नाव

गोषवारा मार्गदर्शकाने लिहून टाकायचा आणि विद्यार्थ्याचं नाव वर घालायचं, हा शॉर्टकट फार महागात पडतो. पोस्टरपाशी कुणी गोषवाऱ्यातलाच शब्द उचलून प्रश्न विचारतं आणि विद्यार्थ्याकडे उत्तर नसतं. उलट टोकाची चूक म्हणजे 'लिहून आण' म्हणून सोडून देणं. त्याने आयुष्यात एकही गोषवारा लिहिलेला नसतो.

मधला मार्ग असा. विद्यार्थ्याला त्याला सोयीच्या भाषेत तीन मिनिटं बोलू द्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा. प्रश्न काय होता, काय केलं, काय सापडलं, त्याने काय फरक पडतो. मग ते ऐकत त्यानेच पहिला मसुदा लिहायचा. जुन्या परिषदेतले स्वीकारलेले दोन-तीन गोषवारे शेजारी ठेवा. तुम्ही लाल शाईने खुणा करा, वाक्यं मात्र त्यालाच बदलू द्या. तीन फेऱ्या लागतात. बहुतेक गोषवारे अडीचशे-तीनशे शब्दांचे असतात. नवखा त्यातले दोनशे पार्श्वभूमीवर घालवतो. पार्श्वभूमीला दोन वाक्यं, आणि निदान एक खरा आकडा निष्कर्षात.

पाठवण्याआधी तीन परवानग्या हव्यात. सर्व सहलेखकांचा लेखी होकार. लेखकांचा क्रम, विद्यार्थ्यासमोर आणि कारणासह ठरवलेला. कुणी काय केलं हे मांडायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची प्रचलित यादी आहे, ती समोर ठेवली की संकोचाने गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याचं काम कागदावर येतं. आणि पेटंटचा विचार असेल तर संस्थेच्या संबंधित कक्षाची परवानगी. युरोपसह अनेक ठिकाणी अर्जाआधी जाहीर केलेल्या गोष्टीवर सहसा पेटंट मिळत नाही, आणि छापलेला गोषवारा म्हणजे जाहीर करणंच.

नावाकडे दुर्लक्ष करू नका. ज्याला एकच नाव आहे त्याला नोंदणीचा अर्ज आडनावाशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि तो घाईत काहीतरी भरतो. मग पारपत्रावर एक, तिकिटावर दुसरं, निमंत्रणपत्रावर तिसरं. आयोजकांना विचारून तिन्हीकडे पारपत्राप्रमाणेच नाव ठेवा. लेखक म्हणून कोणतं नाव वापरायचं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो निर्णय विद्यार्थ्याचा. ऑर्किड, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख ठरणारा १६ अंकी क्रमांक, फुकट मिळतो. तो आताच काढून दिला की पुढे नाव बदललं तरी काम त्याच माणसाच्या नावे जोडलेलं राहतं.

गोषवारा नाकारला गेला तर त्याच दिवशी भेटा. तुमचे स्वतःचे नाकारलेले दोन गोषवारे दाखवा. मी दाखवतो. माझ्याकडे साठा आहे.

टप्पा ५: पोस्टर

आयोजकांची मापं उघडून फलक उभा आहे की आडवा ते पाहा. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. आडवं पोस्टर उभ्या फलकावर लटकवून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं मी एकाच दालनात तीनदा पाहिलं आहे.

मजकूर साडेतीनशे-चारशे शब्दांवर जाऊ देऊ नका. शीर्षकात विषयाऐवजी निष्कर्ष सांगा. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधकाने सुचवलेली रचना, म्हणजे मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष आणि तपशील बाजूला, नवख्याला विशेष उपयोगी पडते, कारण लांबून येणाऱ्याला काय विचारायचं ते आपोआप कळतं. पण विषयातली सगळी पोस्टरं जुन्या पद्धतीची असतील तर विद्यार्थ्याला एकट्याला प्रयोगाला जुंपू नका.

मुख्य मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको. सोपी चाचणी: ए-झिरो पोस्टर ए-फोर कागदावर छापा. सगळं चौपट लहान होतं, २४ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं दिसतं. ते हातभर अंतरावरून वाचता आलं तर मोठ्या छपाईत अडचण येणार नाही. आलेखात लाल आणि हिरव्या रेषा एकमेकींशेजारी ठेवू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारामागे एकाला त्यांतला फरक नीट दिसत नाही. रेषांना वेगळे आकार द्या, म्हणजे काळ्यापांढऱ्या छपाईतही त्या ओळखू येतात.

फाइल पीडीएफमध्ये, फाँट आतच बसवून. छपाई निघण्याच्या चार दिवस आधी. कापडी पोस्टर घडी घालून बॅगेत जातं आणि कागदी पोस्टरचं नळकांडं विमानात विसरण्याची भीती राहत नाही. फाइलची एक प्रत ईमेलवर, एक तुमच्याकडे.

टप्पा ६: रंगीत तालीम

प्रयोगशाळेतल्या माणसांसमोर केलेली तालीम ही तालीमच नव्हे. त्यांना सगळं आधीच माहीत असतं. दुसऱ्या विभागातली चार माणसं बोलवा, पोस्टर भिंतीवर लावा, आणि त्यांना एकामागून एक, मधूनच, बोलणं तोडत येऊ द्या. परिषदेत असंच होतं.

विद्यार्थ्याकडे तीन लांबीचं बोलणं तयार हवं: अर्ध्या मिनिटाचं, दोन मिनिटांचं, पाच मिनिटांचं. बहुतेकांकडे फक्त पाच मिनिटांचं असतं आणि समोरचा माणूस दुसऱ्या मिनिटाला निघून जातो. सुरुवात प्रश्नाने करायला शिकवा: 'तुम्ही याच विषयात काम करता का?' उत्तरावरून कोणतं बोलणं काढायचं ते ठरतं.

उत्तर माहीत नसेल तेव्हा काय म्हणायचं, ते वाक्य पाठ करून घ्या. 'हे आम्ही तपासलेलं नाही. तुम्ही कसं तपासलं असतं?' हे वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणायला लावा. ज्यांच्या मनात आधीच 'मी इथे चुकून आलोय' असं घोळत असतं, त्यांना 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे पकडलं जाणं वाटतं. ते अंदाजाने उत्तर देतात आणि तिथेच फसतात.

'हे तू स्वतः केलंस की कुणी करून दिलं?' असा टोचणारा प्रश्नही तालमीत विचारा. अशा विद्यार्थ्यांना तो येतोच. शांतपणे 'मोजमापं आणि विश्लेषण माझं, नमुने आमच्या गटातल्या सहकाऱ्याने तयार केले,' एवढं सांगून पुढच्या आलेखाकडे बोट दाखवायचं.

उच्चार सुधारण्याच्या मागे लागू नका. पाच-सहा पारिभाषिक शब्द स्पष्ट यायला हवेत, बाकी बोली जशी आहे तशी. वेग मात्र कमी करा.

भेटींची तयारी याच टप्प्यात होते, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. कार्यक्रमपत्रिका आली की विद्यार्थ्याने पाच माणसं निवडायची: दोन मोठे शास्त्रज्ञ, दोन नुकतेच पीएच.डी. झालेले, एक स्वतःच्या वयाचा. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाचायचा, आणि दोन आठवडे आधी चार ओळींची ईमेल करायची:

'मी अमुक संस्थेत अमुक विषयावर काम करते. तुमच्या निबंधातली अमुक पद्धत मी वापरून पाहिली आणि एका ठिकाणी अडले. मंगळवारी दुपारी माझं पोस्टर क्रमांक अमुक आहे. दहा मिनिटं वेळ देऊ शकाल का?'

पाचांपैकी दोघांनी उत्तर दिलं तरी पुष्कळ झालं, आणि हे विद्यार्थ्याला आधीच सांगा. नाहीतर तीन न आलेली उत्तरं तो मनाला लावून घेतो.

तपासा: निघण्याआधी विद्यार्थ्याच्या वहीत पाच नावं, त्यांच्या सत्रांच्या वेळा आणि प्रत्येकाला विचारायचा एक प्रश्न आहे का?

टप्पा ७: परिषदेच्या जागी

शक्यतो दोन विद्यार्थी एकत्र न्या. एकटा असेल तर आदल्या वर्षी गेलेल्या कुणाशी तरी फोनवर जोडून द्या. पहिल्याच दिवशी सोबत दालन फिरून घ्या: फलक कुठे, शांत बसायची जागा कुठे, लिफ्ट कुठे.

तुम्ही स्वतः गेला असाल तर मुख्य काम ओळख करून देणं, आणि लगेच बाजूला होणं. मार्गदर्शक शेजारी उभा असला की पाहुणे त्याच्याशीच बोलतात. मी पूर्वी 'मदतीला' पोस्टरपाशी थांबायचो. शेवटी एका विद्यार्थ्यानेच नम्रपणे मला दुसरं सत्र ऐकायला पाठवलं.

ओळख कामाने करून द्या. 'ही खूप कठीण परिस्थितीतून आलेली आहे' असं सांगून तुम्ही समोरच्याच्या डोळ्यांत तिला शास्त्रज्ञाच्या जागेवरून दयेच्या जागेवर नेऊन बसवता. 'हिने कमी तापमानाला सेन्सर का चुकतो ते शोधून काढलंय, तुमच्या उपकरणालाही लागू पडेल,' असं म्हटलं की समोरचा माणूस पोस्टरकडे वळतो. परिस्थितीबद्दल बोलायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. छायाचित्र काढून संस्थेच्या माहितीपत्रकात छापायचं असेल तरी आधी विचारा.

पोस्टरपाशी एका बाजूला उभं राहायचं, मध्ये नाही. फोन खिशात. कुणी वाचत असेल तर थोडा वेळ वाचू द्यायचं आणि मग 'थोडक्यात सांगू का?' असं विचारायचं. प्रत्येक संभाषणानंतर वहीत तीन गोष्टी: नाव, त्याने विचारलेला प्रश्न, आपण काय पाठवायचं कबूल केलं. संध्याकाळपर्यंत हे आठवत नाही, त्यामुळे लगेच लिहायचं.

मधल्या सुट्ट्या सर्वांत अवघड जातात. गोल करून उभ्या माणसांत शिरायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. सोपा उपाय: नुकत्याच संपलेल्या सत्रातल्या वक्त्यापाशी जाऊन एक प्रश्न विचारणं, किंवा एकट्याच उभ्या असलेल्या माणसाकडे जाणं. असे एकटे प्रत्येक सुट्टीत पुष्कळ असतात. संध्याकाळच्या समारंभात मद्य असू शकतं. ते न घेणं, लवकर निघणं किंवा जाणंच टाळणं, यातल्या कशानेही नुकसान होत नाही, हे आधीच सांगून ठेवा. दमल्यावर एखादं सत्र सोडून खोलीत झोपणंही चालतं. सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक सत्राला बसणारा विद्यार्थी तिसऱ्या दिवशी काहीच ऐकत नाही.

सावधान: जात, वंश, लिंग, उच्चार किंवा अपंगत्वावरून कुणी शेरा मारला किंवा अंगलगट केली तर काय करायचं, हे निघण्यापूर्वी ठरलेलं असावं. दोन फोन क्रमांक द्या: आयोजकांच्या तक्रार व्यक्तीचा, आणि तुमच्या संस्थेतल्या अशा कुणाचा, ज्याच्या हातात विद्यार्थ्याचे गुण किंवा शिफारसपत्र नाही. तक्रार मार्गदर्शकाविरुद्धच असू शकते, म्हणून हा दुसरा क्रमांक. तक्रार करायची की नाही, हे विद्यार्थ्याच्या हातात ठेवा.

टप्पा ८: परतल्यावर

पहिले दोन दिवस: बिलं. विद्यार्थ्यासोबत बसून हिशोब भरा, पोच घ्या, आणि पाठपुरावा तुम्ही करा. लेखा विभागाच्या खिडकीशी विद्यार्थ्याला उभं करू नका.

पहिला आठवडा: वहीतल्या प्रत्येक नावाला ईमेल. ज्याला फाइल कबूल केली त्याला फाइल, ज्याने प्रश्न विचारला त्याला उत्तर. 'भेटून आनंद झाला' एवढ्याच ईमेलला कुणी उत्तर देत नाही, आणि उत्तर आलं नाही की विद्यार्थी गप्प होतो. जोडायला काही नसेल तर भेटीतलाच एक प्रश्न पुढे न्या.

पहिला महिना: विभागात वीस मिनिटांचं बोलणं, त्यातली निम्मी परिषदेत ऐकलेल्या दुसऱ्यांच्या कामावर. पोस्टरपाशी वारंवार आलेला प्रश्न कोणता होता ते शोधा आणि त्यातून पुढचा प्रयोग किंवा विश्लेषण ठरवा. हे झालं नाही तर परिषद कामापासून तुटून सहलीत जमा होते.

तिसरा महिना: विद्यार्थ्याला पुन्हा भेटा. 'आवडलं का' विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. त्या पाचांपैकी कुणाशी अजून पत्रव्यवहार आहे का, कुठे अर्ज केला का, परतफेडीचा शेवटचा पैसा मिळाला का, एवढं विचारा. उत्तरं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी निधी मागताना छायाचित्रांपेक्षा ही तीन वाक्यं जास्त कामी येतात.

आणि टप्पा १ ची पुढची बैठक ठरली की या विद्यार्थ्याला तिथे बोलवा. कोणाला नाव घेऊन विचारायला हवं, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. हॉटेलची अनामत, आडनावाचा रकाना, मधल्या सुट्टीतला तो गोल, हे सगळं पुढच्याला तोच सांगेल. त्याचं पोस्टर तोवर विभागाच्या भिंतीवर राहू द्या, त्याच्या नावाची बाजू कपाटाआड न जाता.